टोपणाचा दोरा

गॅस गळतोय म्हणून ज्या घरानं बोलावलं, त्याच घराची बेल वाजवणारा मेकॅनिक अख्ख्या पुणे जिल्ह्यात एकच निघावा आणि तो मी असावा, ह्याला नशीब म्हणतात.

दौंडला, रेल्वेलाइनच्या अलीकडे एका इमारतीत पहिल्या मजल्यावरची तक्रार होती. मी गॅस एजन्सीत नुकताच लागलेला. अंगात नवा खाकी शर्ट, खांद्याला हत्यारांची पिशवी, चालण्यात डॉक्टरचा रुबाब. निघण्याआधी फोनवर त्या बाईंना दम भरून सांगितलं होतं की मी येईपर्यंत एकाही बटणाला हात लावायचा नाही, बटणात ठिणगी पडते. जिन्यातच वास आला. मी मनाशी घोकलं, ‘भानुदास, बटण नाही, बटण नाही.’ घोकत घोकत दारापाशी गेलो आणि बेल दाबली.

आत कोकिळा ओरडली. मी बोट बेलवर ठेवून तसाच उभा. घर जागेवर आहे, जिना जागेवर आहे, मीही आहे, अशी खात्री करून घेईपर्यंत दार उघडलं. बाईंनी माझ्या बोटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“फोनवर बटणाचं सांगणारे तुम्हीच का?”

“नाही,” मी म्हणालो, “ते दुसरे.”

पुढं नोकरीभर मी ‘ते दुसरे’ शोधत राहिलो. शहाणपणाचं सगळं ते बोलायचे, काम करायला जायचो मी.

आमचं काम तसं समजायला सोपं. ज्यांच्या घरी शेगडी आहे त्यांना ते माहीत असायला हवं, पण नसतं, म्हणून आधी सांगून टाकतो. टाकीच्या तोंडात मधोमध एक पिन असते. रेग्युलेटर बसवला की ती खाली दबते आणि गॅसला वाट मिळते. रेग्युलेटर उचलला की पिन आपोआप वर येते आणि तोंड मिटतं. आत रबराचं एक बारकं वायसर असतं, करंगळीतल्या अंगठीएवढं. निम्मी रडगाणी त्या वायसरची. आणि सगळं बिघडलं, पिन अडकली, वायसर फाटलं, तरी शेवटचा राखणदार म्हणजे ते प्लॅस्टिकचं टोपण. ते तोंडावर दाबून बसवलं की गळती थांबते. म्हणून तर ते नायलॉनच्या दोऱ्यानं टाकीच्या गळ्यातच बांधून देतात. हरवू नये म्हणून.

आता असला चिवट दोरा आमच्या भागात टाकीच्या गळ्यात राहील, ही कल्पना ज्यानं केली तो माणूस शिरूर-दौंडकडे कधी आला नसणार. मी तो दोरा वासराच्या घंटीला पाहिलाय, लेंग्याच्या नाडीच्या जागी पाहिलाय, पाण्याच्या बाटलीला, चष्म्याला, मोटारसायकलच्या सीटला पाहिलाय. टाकीला फार क्वचित पाहिला. आणि टोपण? त्यात कुणी कुंकू ठेवतं, कुणी कोंबडीच्या पिलांना पाणी.

बाकी, गॅसला स्वतःचा वास नसतो. कळावं म्हणून वास मुद्दाम मिसळतात. आणि तो हवेपेक्षा जड. धुरासारखा वर जात नाही, सांडलेल्या पाण्यासारखा जमिनीनं चालतो. खळगा दिसला की साचतो. एवढं लक्षात असू द्या, पुढं लागणार आहे.

वास आला की काय करायचं, हे मी हजारदा सांगितलं असेल. रेग्युलेटरचा खटका बंद. दारंखिडक्या उघड्या. लावलेली बटणं लावलेली, बंद असलेली बंद. काड्यापेटी नको. माणसं बाहेर. घराबाहेर मीटरपाशी विजेचा मेन असेल तर तो पाडा. हे सगळं मी घरोघर नवी जोडणी देताना दाखवायचो. कुणाला? घरच्या कर्त्या पुरुषाला. तो खुर्चीवर बसायचा, मान हलवायचा, ‘कळलं कळलं’ म्हणायचा आणि सही करायचा. ज्या बाईला उभा जन्म त्या शेगडीपुढं उभं राहायचं, ती दाराआडून चहाचा कप पुढं करायची. मी चहा घ्यायचो. ‘ताई, तुम्ही पुढं या, तुम्ही खटका फिरवून बघा’ असं म्हणायचं मला कितीतरी वर्षं सुचलं नाही. ह्या एका गोष्टीवर मला अजून हसता येत नाही.

वरवंडला ह्याचा पहिला झटका बसला. नवं घर, नवं फर्निचर, आणि घरभर वास. म्हटलं, आधी मेन पाडू. मेन सापडेना. सुताराने तो सनमायकाच्या कपाटात झाकून टाकलेला, कपाटाला कुलूप, किल्ली मालकाच्या खिशात, मालक कुरकुंभला केमिकल कंपनीत ड्युटीवर आणि त्याचा फोन गेटवर जमा. घरात त्याची म्हातारी आई आणि बायको. दोघींनाही कपाटात काय आहे ते ठाऊक नव्हतं. मी मोठा आव आणून पान्यानं ते कोरं करकरीत कपाट फोडलं, मेन पाडला, आणि मग साबणाचं पाणी घेऊन गळती शोधायला लागलो. टाकी ठणठणीत. शेगडी ठणठणीत. वास येत होता तो ओट्याखालच्या ट्रॉलीत सडलेल्या बटाट्यांचा. संध्याकाळी मालकाचा फोन आला. त्यानं काय म्हटलं ते दिवाळी अंकात छापत नाहीत.

पुढं मी शिरूरच्या एजन्सीत आलो. आणि ज्याच्यासाठी हे लिहायला बसलो, तो निमोण्याचा दिवस उजाडला.

नवरात्र चालू होतं. दुपारची वेळ, एजन्सीत पंख्याखाली मी उपासाची भगर जिरवत बसलेलो. निमोण्याहून फोन. बोलणारी सुनंदा, त्या घरातली सून. नवी टाकी लावली आणि तेव्हापासून वास येतोय. मी पाठ केलेलं सगळं म्हणून दाखवलं. खटका बंद केलाय, म्हणाली. दारं उघडलीत. नवरा कुरकुंभला, पहिल्या पाळीला.

“बरं, सगळी अंगणात या. फोनसुद्धा अंगणातनंच करा.”

“मी अंगणातच हाय, मामा. पर आत्याबाई यत न्हाईत.”

“का?”

“त्या घटी बसल्यात.”

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. नवरात्रात घरात घट बसतो. पत्रावळीवर काळी माती, मातीत धान्य, मधे पाण्याचा घट, वर रोज एक फुलांची माळ आणि शेजारी अखंड दिवा. नऊ दिवस तो विझू द्यायचा नाही. काही घरांत एखादी बाई त्या दिव्याच्या राखणीला बसते, तिथंच उठते, तिथंच झोपते, घराचा उंबरा ओलांडत नाही. त्याला घटी बसणं म्हणतात. म्हणजे त्या घरात गॅस गळत होता, आणि त्याच घरात एक दिवा पेटलेला होता, आणि त्या दिव्यापाशी एक म्हातारी होती जी उठणार नव्हती.

मी धावलो. माझी मोटारसायकल किका मारून चालू होईना. क्लार्कची स्कूटी ओढली आणि सुटलो. निम्मा रस्ता संपल्यावर खांदा हलका का लागतोय म्हणून बघितलं, तर हत्यारांची पिशवी मोटारसायकलच्या हँडललाच राहिली होती. पाना तीत, साबणाचं पाणी तीत, जादा टोपणं तीत. शर्टच्या खिशात तेवढी दोन वायसरं होती. परत फिरावं का? म्हटलं, वायसर तर आहे. आणि टोपण काय, त्यांच्या टाकीचं असेलच घरात.

हे वाक्य माझ्या थडग्यावर कोरायला हरकत नव्हती, पण आमच्यात थडगं नसतं.

घर रस्त्यालगत, वस्तीवरचं. एकामागं एक तीन खोल्या, आगगाडीच्या डब्यांसारख्या. पुढं बैठकीची खोली, मधे घटाची, आणि मागं एक पायरी उतरून स्वयंपाकघर. सुनंदा फाटकापाशी, हातात शेळीचं दावं. तिशीतली पोरगी, ओठ पांढरे पडलेले. मेन कुठंय विचारलं तर तिनं बाहेरच्या भिंतीकडे बोट दाखवलं. इथं तरी कपाट नाही म्हणून मी खूश. मेन खाली ओढला.

घरात ‘टक्’ झालं आणि पुढच्या खोलीतला पंखा तसाच फिरत राहिला.

इन्व्हर्टर. लाइट गेला की आपोआप चालू होणारा. माझ्या शहाणपणानं घरातली वीज बंद झाली नव्हती, उलट आत एक खटका मात्र पडला होता, म्हणजे ठिणगीच. मी कान आत लावून उभा राहिलो. काही झालं नाही. इन्व्हर्टर पुढच्या खोलीत उंच फळीवर होता म्हणून वाचलो. तो तसाच सोडला आणि आत गेलो.

मधल्या खोलीत सुनंदाची सासू, आक्का. सत्तरीच्या पुढची बाई, गुडघे गेलेले, अंगानं भरदार. मी भरलेली टाकी एका हाताने जिना चढवणारा माणूस, पण आक्कांना उचलून नेण्याचा विचार बघताक्षणी सोडून दिला. शेजारी पितळेचा दिवा, पाटावर, शांत जळतोय. वरती दोन खुंट्यांना आडवी दोरी बांधून तिच्यावरून कारळ्याच्या पिवळ्या फुलांच्या माळा घटावर सोडलेल्या.

“आक्का, दिवा विझवा आणि बाहेर चला.”

आक्कांनी वातीची काजळी झटकली. “गळतीया तुजी टाकी, आन् इझवायचा माजा दिवा व्हय? तुजी टाकी इझव की.”

“टाकीच बंद करायला आलोय. पण तोवर—”

“मंग कर की. दिव्यानं काय तुज्या वाटंत पाय घातलाय?”

मी नाकाने अंदाज घेतला. वास होता, पण बारीक. गळती वायसरमधूनच असणार, एका मिनिटाचं काम. आयुष्यभर लोकांना ‘आधी माणसं बाहेर’ सांगणारा मी म्हणालो, बसू द्या म्हातारीला. ‘ते दुसरे’ असते तर तिला आधी बाहेर काढते. पण ते त्या दिवशीही आले नव्हते.

निदान काड्यापेट्या तरी गोळा केल्या. एक पूजेच्या ताटातली, एक ओट्यावरची. दोन्ही पँटच्या खिशात टाकल्या. आणि पायरी उतरून टाकीपाशी बसलो.

आमच्या धंद्यातला पहिला नियम मी नवीन पोरांना शिकवायचो. टोपण हातात आल्याशिवाय रेग्युलेटर उचलायचा नाही. मी एका हातात वायसर धरलं आणि दुसऱ्या हाताने रेग्युलेटर उचलला.

पिन वर आली नाही.

तो आवाज ज्यानं ऐकलाय त्याला सांगावं लागत नाही. फूत्कार म्हणतात तसा नाही. टायर फुटतं तसाही नाही. कुणी तरी कानाशी ‘श्श’ म्हणतंय आणि थांबतच नाही. पांढरी वाफ टाकीच्या तोंडातून उसळली, वायसर हातातून उडालं, आणि वायसराशिवाय रेग्युलेटर परत बसवून उपयोग नव्हता. मी ओट्यावरचा ओला फडका ओढला, बोळा केला आणि तळहाताने तोंडावर दाबला. आवाज घोगरा झाला, पण मेला नाही. बोटांच्या फटीतून गार वारा सुटत होता.

आता मी अडकलो. हात काढला तर टाकी मोकळी. हात ठेवला तर जागचा हलता येत नाही. मागचं दार होतं, पण त्याला टेकून नव्या बाजरीची पोती छताला लागलेली. टाकी बाहेर न्यायची तर एकच वाट, पायरी चढून, आक्कांच्या दिव्याला घासून. आणि मी त्या पायरीकडे बघत होतो. वीतभर उंचीची पायरी. स्वयंपाकघर म्हणजे आता एक खळगा होता आणि तो माझ्यासमोर भरत होता. काठोकाठ भरला की पलीकडे घटाची खोली. पाटाची उंची मी मनातल्या मनात मोजली आणि मोजल्याचा पश्चात्ताप झाला.

“ताई,” मी ओरडलो नाही, ओरडण्याइतका श्वास घ्यायची इच्छा नव्हती. “ताई, ह्या टाकीचं टोपण कुठाय?”

सुनंदा घटाच्या खोलीच्या दारात आली होती. “कसलं टोपण?”

“पांढरं. दोरा असतो बघा त्याला. टाकी आली तेव्हा तोंडावर होतं.”

तिने फक्त मान वर केली. मीही दारातून वर बघितलं. आडव्या दोरीच्या मधोमध एक चकचकीत दोरा खाली सोडलेला, दोऱ्याच्या टोकाला पांढरं टोपण, आणि रोजची माळ निसटू नये म्हणून त्या टोपणाच्या वर गुंडाळलेली. आतापर्यंतच्या सगळ्या माळा त्या टोपणाने अडवून धरल्या होत्या. खाली घट. घटाशेजारी दिवा.

“सुताचा दोरा तुटतो, मामा,” सुनंदा म्हणाली. तिचा आवाज रडका झाला होता. “मागल्या साली माळ दिव्यावर पडली व्हती. म्हणून टाकी आली तवाच म्याच ह्यो काढून घटावर लावला.”

तिची काही चूक नव्हती. माळ दिव्यावर पडू नये म्हणून तिनं घरातला सर्वांत भरवशाचा दोरा वापरला. सांगितलंच नव्हतं तिला कुणी की हा दोरा कशासाठी असतो. मी सांगायला हवं होतं, मी चहा पीत होतो.

“काढा ते,” मी म्हणालो. “ओढून काढा. आक्का, आता तरी दिवा विझवा. हात जोडतो.” हात काही जोडता येत नव्हते.

आक्का सगळं ऐकत होत्या. पहिल्यांदाच त्यांनी माझ्या हाताकडे नीट बघितलं. फडक्यावर पांढरा बर्फ धरला होता आणि माझी बोटं मला माझी वाटत नव्हती.

“हात काढलास तर काय व्हईल?”

“काढणार नाही.”

“मी काय इचारलं?”

“मग दिव्यापर्यंत येईल, आक्का.”

बाहेर शेळी ओरडत होती. आक्का सुनेला म्हणाल्या, “सुनंदा, मला उठीव.”

“आत्या, घट—”

“उठीव म्हणते न्हवं. माज्या सासूनं एवढंच सांगितलं व्हतं, दिवा इझू द्यायचा न्हाई. हालवायचा न्हाई, आसं काय ती बोलली न्हाई.”

“आन् उंबरा?”

“उंबऱ्याचं माजं मी बघते.”

सुनंदाने काखेत हात घालून त्यांना उभं केलं. गुडघ्यांचा आवाज मला स्वयंपाकघरात ऐकू आला. आक्कांनी दिवा दोन्ही हातांनी उचलला. मी म्हणालो, वर धरा आक्का, कपाळाच्या वर, खाली आणू नका. त्यांनी तो डोक्याच्या वर धरला, जत्रेत पोराला देव दाखवायला उचलतात तसा, आणि माझ्याकडे पाठ करून चालायला लागल्या. एक पाऊल, मग थांबणं, मग दुसरं. तेल कलंडत होतं, मनगटावरून ओघळत होतं. ज्योत मागं वाकायची, परत उभी राहायची. पुढच्या खोलीत पंखा अजून फिरत होता, माझ्या इन्व्हर्टरच्या कृपेनं. त्या वाऱ्याखालून जाताना ज्योत इतकी बारीक झाली की मला वाटलं गेली. मला तेव्हा ती विझायला हवी होती की राहायला, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही.

त्या पंख्यापलीकडे गेल्या. मग मला दिसेनाशा झाल्या. नुसता पाय घासत चालल्याचा आवाज. मग तोही बंद झाला. उंबरा आला असणार.

“गेल्या का बाहेर?” मी विचारलं.

“थांबल्यात,” सुनंदा म्हणाली. “पाया पडत्यात उंबऱ्याच्या.”

मी त्या वेळी देवीला काय काय म्हणालो ते देवी आणि मीच जाणतो.

“गेल्या,” सुनंदा म्हणाली. आणि माझ्या सांगण्याची वाट न बघता तिनं पाटावर पाय दिला, दोरीला लोंबकळली आणि अख्खी माळ ओढून खाली आणली. खुंटीसकट. घटावर फुलांचा ढीग झाला. ती पायरी उतरून आत आली, माझ्या सांगण्याविरुद्ध, आणि माळेसकट टोपण माझ्या हातात दिलं.

“बाहेर जा.”

“तुमचा फडक्यावरचा हात चालतो का?”

चालत नव्हता. दाबून धरलेला हात काढला की त्याच्याकडून काही होणार नव्हतं. तिनं टोपण परत घेतलं. मी म्हणालो, मी फडका काढला की तोंडावर ठेवायचं आणि अंगाचा भार द्यायचा, ‘कट्’ असं ऐकू येईपर्यंत. मी फडका ओढला. वाफ तिच्या तोंडावर गेली. तिनं टोपण ठेवलं, दाबलं. आवाज थांबला नाही.

“बसंना.”

कारळ्याचं एक फूल टोपणाच्या कडेत अडकलं होतं. मी ते डाव्या हाताच्या नखाने ओढलं. “परत.” तिनं गुडघा टाकीवर टेकवून पुन्हा दाबलं.

कट्.

एवढी शांतता मी पुन्हा कधी ऐकली नाही. टोपणाला कान लावला. साबणाचं पाणी नव्हतं, म्हणून तिथं थुंकी लावली. बुडबुडा नाही.

मग आम्ही दोघांनी ती टाकी पायरी चढवून, मोकळ्या झालेल्या घटाच्या खोलीतून, पुढच्या खोलीतून बाहेर काढली आणि अंगणाच्या टोकाला, वाऱ्याच्या खालच्या अंगाला, बांधापलीकडे नेऊन ठेवली. परत फिरलो तर आक्का फाटकाजवळ कडुनिंबाखाली बसलेल्या. पदर आडवा धरलेला, त्याच्या आडोशाला दिवा. उंबरा ओलांडून, पंख्याखालून, तेल सांडत, गुडघे मोडत आणलेला दिवा, जळत होता. अखंड.

मी त्यांच्यासमोर मटकन बसलो. बरगड्यांत इतका वेळ कोंडून ठेवलेला सगळा श्वास एकदम वर आला आणि मी मनापासून, पोट भरून, ‘हुश्श’ केलं.

दिवा विझला.

वातीतून धुराची एक रेघ निघाली, ती आम्ही तिघांनी बघितली. रेघ कडुनिंबात गेली. शेळीसुद्धा गप्प बसली. आयुष्यात मी एवढ्या टाक्या बंद केल्या, एवढे खटके फिरवले, पण एवढ्या सफाईनं काही बंद झालं नव्हतं.

आक्कांनी दिव्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. मी मान खाली घातली आणि शिव्यांची वाट बघितली. त्या आल्या असत्या तर बरं झालं असतं.

“काडी दे,” आक्का म्हणाल्या.

दोन्ही काड्यापेट्या माझ्या खिशात. मी एक काढली, आणि तेवढ्यात लक्षात आलं. “आक्का, आत्ता नाही पेटवता येणार. घरातला वास जाऊ दे. दारातून अजून बाहेर येतोय.”

“व्हय?”

“व्हय.”

आक्कांनी विझलेला दिवा आमच्या दोघांच्या मधे ठेवला. माझ्या हाताकडे बोट केलं, बर्फानं भाजलेला तळहात लाल होऊन फुगायला लागला होता. सुनेला सांगितलं, हळद न्हाई, कोरफड आण. आणि मला म्हणाल्या, “मंग बस. आता तूबी बस घटी.”

मी बसलो. कडुनिंबाखाली, न पेटलेल्या दिव्याची राखण करत, भाजलेल्या हाताला कोरफड बांधून. सगळा खटाटोप झाला, आता लोक आले. शेजारचे, वाटेवरचे. जो तो विचारायचा, आक्का बाहेर कशा? आक्का म्हणायच्या, दिव्याला हवा खायला आणलंय. वास पार गेला, मी दोनदा आत जाऊन नाक फिरवून आलो, तेव्हा कुठं परवानगी दिली. “इझवलास तूच, लाव तूच,” म्हणाल्या. माझ्या बोटांत काडी धरवेना. पहिली मोडली, दुसरी मोडली. तिसरी सुनंदाने ओढली.

संध्याकाळी नवरा ड्युटीवरून आला. धावत, धापा टाकत. त्याचा पहिला प्रश्न आईला. दिवा? आक्का परत पाटाशेजारी बसलेल्या, सुतळीला बांधलेल्या माळेखाली. म्हणाल्या, “तेवतोय की. न्हाई का दिसत?” आणि माझ्याकडे असं बघितलं की माझा श्वास परत कोंडला. तेच बरं होतं.

तेव्हापासून मी नवी जोडणी देताना कर्त्या पुरुषाला बाहेर खाटेवर बसवायचो आणि टोपण, खटका, मेन सगळं घरच्या बाईकडून करून घ्यायचो. माझ्यासमोर, तिच्या हाताने. चहा नंतर. लोक म्हणायचे, हा मेकॅनिक फार कडक. मी म्हणायचो, मी नाही, ते दुसरे.

हे लिहू का म्हणून आक्कांना विचारायला गेलो होतो. लिही म्हणाल्या, नाव माझं बदल, पण दिवा कोणी विझवला ते खरं लिही. लिहिलं.

आता निवृत्त झालो तरी दर साली घट बसायच्या दिवशी निमोण्याहून फोन येतो. मी जातो. सुनंदाने टाकी आधीच तपासलेली असते, टोपण टाकीच्या गळ्यात दोऱ्यासकट लटकत असतं, मला बघायला काही उरलेलं नसतं. मग मी मधल्या खोलीकडे वळतो, दिव्याच्या पाया पडायला. आक्का उंबऱ्याशीच मला थांबवतात आणि एक धुतलेला टॉवेल पुढं करतात.

हात पुसायला नाही. तोंडाला बांधायला.